ताजं सारवण

यमुनाकाकूंना मी कधीच आवडलो नाही. ही तक्रार नव्हे. काकूंना आवडलेला मनुष्य ठाण्यात कोणी पाहिलेला नव्हता, त्यांच्या नवऱ्याने तर नाहीच नाही. त्यामुळे नावडत्यांच्या त्या लांबलचक रांगेत आपण निदान पुढच्या बाजूला उभे होतो, एवढंच समाधान. मीही काही मनाचा मोठेपणा वगैरे दाखवला नाही. आज इतकी वर्षं झाली, डोक्यावरचे केस गेले, दात निम्मे गेले, पण काकूंवरचा राग बऱ्यापैकी शाबूत आहे.

त्या वेळी मी ठाण्याच्या कचेरीत उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. कायम कारकुनासारखं वेळेवर जायचं, त्याच्यापेक्षा जास्त लिहायचं, शिरस्तेदाराच्या शिव्या त्याच्या वाटणीच्याही खायच्या आणि पगार मात्र घ्यायचा नाही. कोणी कारकून मरेल, बदलून जाईल किंवा लाच खाताना सापडेल, याची सद्भावनेने वाट पाहायची. अशी वाट मी दोन वर्षं पाहिली. घर कल्याणला. रविवारी आगगाडीने गेलो की वडील दारातच विचारत, "कोणी हललं का रे जागेवरून?" मी मान हलवायचो. हलणारी तेवढी एकच गोष्ट होती.

काकूंचं कौलारू घर तळ्यामागच्या गल्लीत होतं आणि त्याची मागची पडवी मला राहायला दिलेली होती. काका इगतपुरीला रेल्वेत तारमास्तर. ते दोन महिन्यांतून एकदा येत आणि रजा शिल्लक असतानाच परत जात. काकू म्हणजे हाडांची मोळी. लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं, कपाळावर आडवं कुंकू आणि उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत कायम हिरवट. तो हिरवटपणा शेणाचा. जमीन ही चालण्यासाठी असते अशी माझी लहानपणापासून समजूत होती. काकूंच्या मते ती सारवण्यासाठी असे, आणि चालणारे लोक हे त्या कामात आलेलं विघ्न.

लोक आठवड्यातून एकदा घर सारवतात. काकू रोज सारवायच्या. आज ओटी, उद्या माजघर, परवा माझी पडवी, पुन्हा ओटी. बोटांचे अर्धचंद्र एकाला एक लागून असे उमटत की एखाद्याने रांगोळी म्हणून पाहत बसावं. पण पाहत बसायची सोय नव्हती. कोणाचंही पाऊल उंबऱ्याशी आलं की आतून आवाज यायचा, "ओलं आहे!" सारवण चार तासांपूर्वीचं असो, कडकडीत वाळलेलं असो, हाक तीच. मी ओला भाग ओलांडायला म्हणून उडी मारायचो आणि अशाच एका उडीत दाराच्या गणेशपट्टीवर कपाळ आपटून घेतलं. आत काकू म्हणाल्या, "पट्टी ठीक आहे ना बघ."

एकदा काका भर दुपारी टांग्यातून उतरले, हातात ट्रंक. "ओलं आहे!" बिचारे पायरीवर बसले. टांगेवाला भाडं घेऊन घोड्याला पाणी पाजून आला, तरी काका पायरीवरच. त्याने सहज विचारलं, "परत टेशनावर जायचं का, साहेब?" काकांनी क्षणभर घराकडे पाहिलं आणि टांग्यात चढले. संध्याकाळी काकूंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ट्रंक नेली ना? मग झालं."

आणि ते म्हशीचं प्रकरण. गवळ्याची म्हैस गल्लीतून जाताना नेमकी काकूंच्या आणि शेजारच्या शेवंताबाईंच्या हद्दीवर उभी राहिली. तोंड शेवंताबाईंच्या दाराकडे, मागची बाजू काकूंच्या. शेण पडलं. दोघी पाट्या घेऊन धावल्या.

"मी तिला आत्ता भाजीचे देठ घातले," शेवंताबाई म्हणाल्या. "माझं खाऊन टाकलंन तिने."

"खाल्लंन तुमच्या दारी, टाकलंन माझ्या. मी काय तिच्या तोंडावर हक्क सांगत्ये?"

मी कचेरीतला मनुष्य, म्हणून निवाड्याला बोलावलं. मी घसा खाकरला, म्हशीच्या पायांचे ठसे पाहिले आणि गंभीरपणे निकाल दिला की अर्धं अर्धं करावं. त्यानंतर त्या दोघी आयुष्यात पहिल्यांदा एकमेकींच्या बाजूने उभ्या राहिल्या, माझ्या विरुद्ध. तेवढ्यात गवळ्याची बायको आली आणि सगळंच उचलून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पडवीत पाण्याची घागर अर्धी. मी विचारायला गेलो तर काकू चुलीकडून न वळता म्हणाल्या, "अर्धं अर्धं आवडतं ना तुला, उमेदवार?"

हो, त्या मला उमेदवार म्हणत. नावाने कधीच नाही. आणि बोलायला लागण्यापूर्वी त्यांचं एक पालुपद असे: "मला बोलायचं नसतं, बोलावं लागतं." हे वाक्य कानावर आलं की समजावं, आता अर्धा तास गेला.

अशा घरात मी कुत्र्याचं पिल्लू आणलं.

झालं असं, की उन्हाळा लागल्यावर आमचा साहेब आणि त्याची मडम महाबळेश्वरला निघाले. मडमेला विलायतेहून आलेल्या कोणी तरी पांढरं, तांबूस कानाचं एक पिल्लू दिलं होतं. ते प्रवासात गाडी घाण करील म्हणून मागे ठेवायचं ठरलं. साहेबाने मराठीची परीक्षा दिलेली होती आणि तो ती दर वाक्यात पुन्हा देत असे. कचेरीच्या दारात टोपली घेऊन तो उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्यामध्ये कुत्र्यांविषयी ज्ञान असलेला मनुष्य कोण आहे?"

मी उभा राहिलो. का उभा राहिलो ते अजून कळलेलं नाही. "आमच्या घरी तीन पिढ्या कुत्री आहेत, साहेब," मी म्हणालो.

खरं म्हणजे कल्याणला आमच्या दाराबाहेर एक कुत्रं झोपत असे आणि ते मला दोनदा चावलं होतं. ज्ञान एवढंच, पण आतपर्यंत गेलेलं होतं.

साहेब म्हणाला, आम्ही जूनच्या आरंभी परत येऊ, तोपर्यंत या प्राण्याने घरात घाण न करण्याची सवय लावून घेतलेली असली पाहिजे. साहेब गेल्यावर शिरस्तेदारांनी मला कोपऱ्यात घेतलं. "रेकॉर्डातला कारकून जूनमध्ये पेन्शनीत निघतोय. साहेबाच्या मनात आलं तर ती जागा तुझी. मडमेचा गालिचा कोरडा राहिला तर कायम. ओला झाला तर कल्याणला जा आणि वडिलांच्या पाठीला तेल चोळ."

टोपली घेऊन मी घरी आलो. काकू ओटीवर.

"काय आणलंस?"

"पिल्लू आहे, काकू. साहेबाचं."

"कोणाला झालं, मडमेला?"

"दोन महिन्यांचा प्रश्न आहे. जून लागला की जाईल."

"तू जाशील का बरोबर?" असं म्हणून काकूंनी टोपलीत डोकावून पाहिलं. पिल्लाने त्यांच्याकडे पाहिलं, शेपूट हलवली आणि टोपलीतच कार्यभाग उरकला. काकू म्हणाल्या, "मला बोलायचं नसतं."

मडमेने इंग्रजीत एक चिठ्ठी दिली होती. खाल्लं की बाहेर न्या, झोपून उठलं की बाहेर न्या, बाहेर केलं तर शाबासकी द्या, मारू नका. चिठ्ठी उत्तम होती. पण मी दहा ते पाच कचेरीत, आणि त्या वेळात पिल्लाने स्वतःला रजेवर समजावं अशी माझी अपेक्षा. शिवाय माझी पक्की खात्री झाली होती की विलायती जनावराला मराठी कळणार नाही. माझं इंग्रजी अर्जांच्या नकला करून तयार झालेलं. तेव्हा सकाळ-संध्याकाळ मी जॅकसमोर (मडमेने ठेवलेलं नाव) उकिडवा बसून म्हणे, "सर, आय हॅव द ऑनर टु रिक्वेस्ट दॅट यू विल बी प्लीज्ड टु गो आउटसाइड." जॅक मान वाकडी करून शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. कचेरीत माझा एकही अर्ज कोणी असा ऐकला नव्हता. मग तो उठायचा, दोन पावलं चालायचा आणि माझ्या धोतरावर शेरा मारायचा.

त्याने पडवीत केलं की काकू यायच्या. राख टाकायची, झावळीच्या खराट्याने खरवडायचं आणि तेवढ्या जागेवर लगेच ताजं शेण फिरवायचं. हात चालू, तोंड चालू. मला, पिल्लाला, साहेबाला आणि विलायतेच्या राणीला एकाच दमात. एकदा मी लाजून म्हणालो, "काकू, राहू द्या, मी सारवतो."

"तू? हात बघू." मी हात पुढे केले. "शाईने बरबटलेले. ह्या हातांनी सारवलंस तर जमिनीवर अर्ज उमटेल."

महिना-सव्वा महिना गेला आणि एक चमत्कार झाला. जॅक वाटेल तिथे करीनासा झाला. कोरड्या जमिनीवरून तो हुंगत फिरायचा, पण बसायचा नाही. मी कचेरीत छाती काढून चालू लागलो. शिरस्तेदारांना सांगितलं, "बहुतेक काम झालंय." रविवारी वडिलांनी विचारलं, "कोणी हललं का?" मी म्हणालो, "हलणार."

मग एका सकाळी मी पडवीच्या दारातून पाहिलं. काकू माजघर सारवून बादली घेऊन परसात गेल्या. जॅक माझ्या पायाशी झोपलेला होता. तो उठला, सावकाश माजघरात गेला, ओल्या सारवणावर चार पावलांची नक्षी काढत मधोमध पोचला आणि तिथे बसला. काम झाल्यावर प्रामाणिक कारकुनासारखा परत येऊन झोपला.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या जनावराचा हिशेब अगदी बिनचूक होता. आपण जिथे बसतो तिथे ही बाई तातडीने येते आणि शेण आणून ठेवते. म्हणजे या घराची रीत हीच. जिथे ताजं शेण, ती बसायची जागा. बिचाऱ्याने माझं एक अक्षर ऐकलं नव्हतं. काकूंच्या हाताकडे पाहून तो शिकला होता.

काकूंना मात्र तो दावा साधतोय असं वाटलं. "मी पाठ फिरवते नि हा बसतो! तूच शिकवलंस." त्यांनी पहाटे सारवलं, जॅकने पहाटे केलं. दुपारी सारवलं, दुपारी. काठी घेऊन राखण केली. तो समोर बसून राहिला, त्या स्वयंपाकाला गेल्या तेव्हा उठला. शेवटी काकूंनी एक दिवस अजिबात सारवलं नाही. त्यांच्या संसारातला असा पहिलाच दिवस. गल्लीतल्या बायका आजारी आहात का म्हणून विचारून गेल्या. जॅक दिवसभर कुंथत घरभर फिरला आणि तिसऱ्या प्रहरी सुटून शेवंताबाईंच्या नुकत्याच सारवलेल्या ओटीवर जाऊन मोकळा झाला. शेवंताबाईंचा आरडाओरडा ऐकून काकू दारात आल्या. सगळं पाहिलं. आणि हसल्या. मी काकूंना हसताना पाहिलं ते त्या एका वेळी. फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हे बघ उमेदवार. जूनच्या पहिल्या तारखेला हे इथे दिसलं तर तुम्हा दोघांची टोपली तळ्यात."

"काकू, काळजीच सोडा," मी म्हणालो. मला आता खरोखरच काळजी नव्हती. साहेबाच्या बंगल्यात फरशी आणि गालिचे. तिथे शेणाचा ठिपका नाही. म्हणजे जॅक तिथे बसूच शकत नाही! मी मनात रेकॉर्डातल्या खुर्चीवर बसूनही पाहिलं.

साहेब परत आला. शनिवारी सकाळी मी जॅकला धुवून पुसून खाडीकडच्या बंगल्यावर नेलं. मडमेने त्याला वाडगाभर दूध पाजलं. तो गालिच्यावर हिंडला, खुर्चीखाली हिंडला, तीन तास कोरडा. मग दाराशी जाऊन कुंथू लागला. "पाहा!" मडम इंग्रजीत चीत्कारली, "तो बाहेर जाण्याची परवानगी मागतो!" साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे तुम्ही कोणत्या रीतीने केलेत?"

इथे गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "आमच्या घराण्याची रीत आहे, साहेब. तीन पिढ्यांची."

"सोमवारी तुमचा हुकूम निघेल."

मी बाजारातून पेढे घेतले. कल्याणला रविवारी दुपारच्या गाडीने जाऊन वडिलांच्या हातावर ठेवायचे होते. रविवारी सकाळी परसात न्हाव्यासमोर बसलो. अर्धी हजामत झाली होती, उरलेल्या गालावर पाणी चोपडलेलं, एवढ्यात पुढून आवाज आला.

"ओलं आहे!"

आवाजात नेहमीपेक्षा जास्त धार होती. मी तसाच धावत पुढे गेलो. अंगणाच्या कडेला साहेब उभा, एक पाय उचललेला. जिल्ह्यात त्याला असं जागच्या जागी थांबवणारं दुसरं कोणी नव्हतं. त्याच्या हातात साखळी, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला काकूंच्या ओल्या अंगणाच्या मधोमध जॅक. तो अख्ख्या दिवसरात्रीचं साठलेलं कर्तव्य करत होता. त्याच्या तोंडावर असं समाधान होतं, की देवळातही क्वचित दिसतं.

नंतर कळलं ते असं. जॅकने बंगल्यातही केलं नाही आणि बागेतही केलं नाही. मडम घाबरली, साहेब त्याला फिरवायला घेऊन निघाला, आणि पिल्लाने साहेबाला बाजारातून, तळ्याला वळसा घालून, ओढत इथे आणलं.

"बाई," साहेब म्हणाला, "हे काय घडले?"

"काय घडायचंय? रोज घडतं तेच."

मी साहेबाच्या मागून हात जोडले. तोंडावर बोट ठेवलं. काकूंनी मला पाहिलं. नीट पाहिलं, याची मी आजही शपथ घेईन.

"मला बोलायचं नसतं," काकू म्हणाल्या. मी डोळे मिटले.

"ह्याने शिकवलंय होय? ह्याला कुत्र्याला पुढून ओळखता येत नाही. हा त्याच्यापुढे बसून इंग्रजीत अर्ज करायचा. ते बसलं, मी सारवलं. मी सारवलं, ते बसलं. शिकलं असेल तर माझ्या सारवणाने शिकलं. आणि मी काही तुमच्या कुत्र्यासाठी नाही सारवलं. घर आहे म्हणून सारवलं."

साहेबाने वळून माझ्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं. "तीन पिढ्या?" त्याने विचारलं.

तो चिडलाही नाही, ते चिडण्यापेक्षा वाईट होतं. शांतपणे म्हणाला, "कुत्र्यांविषयी अज्ञान असलेला कारकून मला चालला असता. परंतु रेकॉर्डामध्ये खोटे लिहिणारा कसा चालेल?" मग काकूंकडे वळून त्याने विचारलं, या प्राण्याला आता उपाय काय?

"तुमच्या बागेत सारवा," काकू म्हणाल्या आणि राख आणायला आत गेल्या.

साहेब गेल्यावर मी ओटीशी जाऊन उभा राहिलो. "काकू, माझी जागा गेली."

"तुझी होती कुठे?"

"एक दिवस गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

काकूंनी हातातलं शेण खाली ठेवलं नाही. "तू त्या दिवशी कचेरीत गप्प बसला असतास, तर माझं घर दोन महिने बाटलं नसतं." मग म्हणाल्या, "पडवी आजच रिकामी कर. सारवायची आहे."

दुपारच्या गाडीने मी कल्याणला गेलो. पेढे वडिलांच्या हातावर ठेवले. त्यांनी विचारलं, "कोणी हललं?" मी म्हणालो, "मी."

पुढे तीन वर्षांनी कल्याणलाच मामलेदार कचेरीत चिकटलो. ठाण्याची खबर अधूनमधून पट्टेवाल्यांकडून कळे. साहेबाने म्हणे माळ्याच्या बायकोकडून बागेचा कोपरा सारवून घेतला, पण जॅकला तो हात पसंत पडला नाही. रोज सकाळी गडी त्याला काकूंच्या गल्लीत नेई आणि रोज सकाळी गल्ली काकूंच्या तोंडचं ऐके. मला ऐकून बरं वाटे. शिव्या खाणारं आणखी कोणी आहे, यातही एक सोबत असते.

त्यानंतर काकूंना मी एकदाच पाहिलं. प्लेगाचं पहिलं साल. लोकांना घरं सोडून गावाबाहेरच्या माळावर झोपड्यांत राहायला लावलं होतं, आणि झोपड्यांची नोंद करायला आम्हा कारकुनांना ठाण्याला पाठवलं होतं. रांगाच्या रांगा चटयांच्या, झावळ्यांच्या. सगळीकडे धूळ, फिनेलचा वास, कोणी कोणाच्या जवळ जात नाही. मी नोंदवही घेऊन झोपडीमागून झोपडी करत होतो. एका झोपडीपुढे मात्र धूळ नव्हती. जमिनीवर अर्धचंद्र, एकाला एक लागून.

काकू वाकलेल्या होत्या. अगोदरच हाडं, आता तर नुसती दोरी. त्यांनी वर पाहिलं.

"कायम झालास का रे, उमेदवार?"

"आठ वर्षं झाली, काकू."

"तुला बघून वाटत नाही."

मी वही उघडली. "काका?"

"इगतपुरीला. सुखात आहेत."

झोपडीच्या सावलीतून एक म्हातारं पांढरं कुत्रं उठलं. तांबूस कान, एका डोळ्यात फूल पडलेलं, मागचे पाय ताठरलेले. मला ओळखण्याचा त्याने प्रयत्नही केला नाही.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"साहेबाचं."

"अहो, साहेब तर केव्हाच विलायतेला गेले."

"मग तिकडे जाऊन विचार त्यांना."

मी पुढे सरकलो. वहीत काही तरी लिहायला हवं होतं. झोपडीत आणखी कोण आहे, आजारी कोणी आहे का, हे डोकावून बघणं माझं कामच होतं. झोपडीच्या बाजूला, दारापासून जरा लांब, सुपाएवढा एक चौकोन वेगळा सारवलेला होता. अगदी ताजा.

"ओलं आहे!"

माझा पाय हवेतच राहिला. आठ वर्षांचा कायम कारकून, हातात सरकारी वही, आणि एका पायावर उभा. काकूंनी माझ्याकडे पाहिलं देखील नाही. जॅक लंगडत माझ्या शेजारून गेला, त्या चौकोनाच्या मधोमध पोचला आणि सावकाश खाली बसला. त्याला कोणी काही बोललं नाही.